विजेची साखळी-करवत आणि तिची वायर

मे महिना सरत आला, दुपारीं ढग जमूं लागले आणि वळवाचा एखादा वारा सुटला, कीं सोलापूरकरांचें लक्ष आपापल्या अंगणांतील झाडाकडे जातें. या शहरांत अंगणांतलें झाड म्हणजे बहुधा कडुनिंब. वर्षाचा मोठा भाग कोरडें ऊन सोसणाऱ्या या मुलखांत ज्या थोड्या झाडांनीं माणसास खरी साथ दिली, त्यांत लिंबाचा मान पहिला. परंतु ज्या फांदीखालीं बाज टाकून घरांतील वृद्ध मंडळी उन्हाळाभर दुपार काढतात, तीच फांदी वळवाच्या वाऱ्यांत पत्र्यावर आपटूं लागली म्हणजे ‘ही आतां काढावी’ असें बोलणें निघतें. पूर्वीं अशा वेळीं कुऱ्हाड व करवत घेऊन फिरणाऱ्या माणसास बोलावीत. आतां लाकूड कापण्याचें यंत्र दुकानांतून दिवसाच्या भाड्यानें मिळतें. दुकानदार त्यास चेनसॉ म्हणतो. साखळी-करवत हें नांव त्यास शोभेल.

या यंत्राच्या दोन जाती प्रचारांत आहेत. एक पेट्रोलवर चालते. तिची दोरी ओढावी लागते, ती धूर सोडते, गर्जना करते, आणि तिच्या त्या गर्जनेमुळेंच मुलेंमाणसें आपोआप दूर सरतात. दुसरी वायर लावून विजेवर चालते. ती वजनानें हलकी; धूर नाहीं, खटका दाबला कीं चालू, सोडला कीं बंद. स्वयंपाकघरांतील मिक्सर ज्या विजेवर फिरतो त्याच विजेवर हीही फिरते, त्यामुळें ती घरगुती वस्तु वाटते. या वाटण्यांतच पहिला धोका आहे. दांते दोघींचे सारखेच, आणि मांस व हाड यांचा समाचार घेण्यास दोघींनाही सारखाच वेळ लागतो.

विशेष हें कीं, आरंभीं विजेची करवत मुळींच घरगुती नव्हती. जर्मनींतील आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं जिचें पेटंट घेतलें ती साखळी-करवत विजेवर चालणारी होती; तिचें वजन ६४ किलो असून ती धरण्यास दोन माणसें लागत. दुसऱ्या माणसाची ही सक्ती वजनानें केली होती. पुढें यंत्र हलकें होत होत एका माणसाच्या हातांत मावूं लागलें आणि दुसरा माणूस गळाला. तो दुसरा माणूस परत आणणें, हेंच वायरीची करवत सुरक्षितपणें वापरण्याचें मुख्य सूत्र आहे. मात्र त्याची जागा आतां करवतीच्या दुसऱ्या टोंकास नसून वायरीच्या दुसऱ्या टोंकास, म्हणजे भिंतींतील सॉकेटापाशीं आहे.

सोलापुरास हें पटवून देण्यास फार श्रम पडूं नयेत. १८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून यंत्राशीं संसार करीत आलेलें हें शहर. ती गिरणी केव्हांच बंद पडली, पण यंत्रमाग राहिले. आणि मागावर उभा राहणारा जाणता विणकर ताण्यांतील तुटलेला धागा सांधण्यापूर्वीं माग थांबवितो. धोटा एकदां सुटला म्हणजे तो कोणाचा हात ओळखत नाहीं, हें त्यास लहानपणापासून ठाऊक असतें. १९४८ सालच्या कारखाना कायद्यानें यंत्रांच्या फिरत्या भागांस कुंपण घालण्याचा दंडकही घातला. परंतु घराच्या अंगणांत तपासनीस येत नाहीं कीं मुकादम. शिवाय मागाचें चाक एका जागीं फिरतें. करवतीची साखळी उघडी फिरते व ती माणसाच्याच हातानें जागा बदलीत असते. तिला पुरतें कुंपण घातलें तर ती कापणार कशी?

यंत्र आणण्यापूर्वीं एकदां मान वर करून झाडाकडे नीट पाहावें. फांदीपासून तीन मीटरांच्या आंत रस्त्यावरील विजेची तार असेल, तर तें काम घरच्या माणसाचें नव्हेच. ओली फांदी वीज वाहून नेते; आणि मेन स्विच बंद केल्यानें फक्त घर अंधारांत जातें, रस्त्यावरची तार जिवंतच राहते. अशा वेळीं महावितरणास कळवावें. १९१२ हा क्रमांक विजेच्या तक्रारींसाठींच आहे. दुसरी गोष्ट परवानगीची. नागरी क्षेत्रांतील झाडांचें संरक्षण व जतन करण्यासाठीं महाराष्ट्रानें १९७५ सालीं जो कायदा केला, त्यान्वयें शहरांतील झाड, मग तें स्वतःच्या आवारांतील कां असेना, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. आणि तोडणें या शब्दांत जाळणें व झाडास इजा करणें हेंही त्या कायद्यानें धरलें आहे. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा-वृक्षाचा दर्जा दिला. जुन्या पेठांतील कित्येक लिंब या वयाचे निघतील. पुष्कळशीं कामें येथेंच थांबावीं, आणि थांबलेलीं बरीं. पत्र्यावर घासणारी मनगटाएवढी फांदी तर साध्या हातकरवतीनें पंधरा मिनिटांत निघते. तिच्यासाठीं यंत्र आणणें ही नुसती हौस होय.

काम करावयाचेंच ठरलें, तर प्रथम यंत्राकडे न पाहतां वायरीकडे पाहावें. घरगुती करवत बहुधा पंधराशे ते चोवीसशे वॉटची असते. दोन हजार वॉटची धरली, तर २३० व्होल्टवर ती सुमारें पावणेनऊ ॲम्पिअर प्रवाह ओढते. दिवे-पंख्यांचें लहान सॉकेट सहा ॲम्पिअरचें. तें या कामाचें नव्हे. सोळा ॲम्पिअरचें मोठें सॉकेटच हवें. पण झाड सॉकेटापासून शंभर फुटांवर असतें, आणि मग टेबल-पंख्यासाठीं कधीं काळीं आणलेली बारीक वायर माळ्यावरून खालीं येते. येथें थोडा हिशेब करणें बरें. तांब्याची पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची तीस मीटर वायर घेतली, तर प्रवाहाचा जाण्यायेण्याचा मार्ग साठ मीटरांचा होतो व त्याचा रोध सुमारें १.४ ओहम भरतो. पावणेनऊ ॲम्पिअर प्रवाहास त्यांतून जातांना १२ व्होल्ट गमवावे लागतात, आणि वायरींत शंभर वॉटहून अधिक उष्णता उत्पन्न होते. वायर जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर ही उष्णता हवेंत निघून जाते. तीच रिळावर गुंडाळलेली राहिली, आणि वरून चाळीस-बेचाळीस अंशांची दुपार असली, तर उष्णता गुंडाळींतच कोंडते, प्लॅस्टिकचें आवरण मऊ पडतें आणि आंतल्या दोन तारा एकमेकींस भेटतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर व्होल्टांचा तोटा चारांच्या आंत येतो व उष्णता एक-तृतीयांशाहूनही कमी होते. यंत्राबरोबर वायरही अडीचचीच मागून घ्यावी, आणि ती शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडून अंथरावी. जागोजाग चिकटपट्टी गुंडाळलेली वायर दुकानदारास तेथल्या तेथें परत करावी.

शेतावर याहून वाईट प्रकार चालतो. विहिरीवरील मोटारीच्या पेटींतून दोन तारा काढतात, किंवा सॉकेटाच्या भोंकांत उघड्या तारा खुपसून काडेपेटीच्या काड्यांनीं त्या घट्ट करतात. पेटींत तीन फेज असतात व कोणत्याही दोन फेजांमध्यें सुमारें ४१५ व्होल्टांचा दाब असतो. तारांची निवड चुकली तर २३० व्होल्टांचें यंत्र पाहतां पाहतां जळतें, आणि तें कापणाऱ्याच्या हातांत जळतें. शिवाय पेटींत पिळून बसविलेली तार घाईच्या क्षणीं एका हिसक्यानें काढतां येत नाहीं. पुढें जें सांगावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें हा दोष सर्वांत मोठा.

फ्यूज, किंवा त्याच्या जागीं आलेली एम.सी.बी., ही माणसाच्या रक्षणासाठीं नसून वायरीच्या रक्षणासाठीं असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सोळा ॲम्पिअरची एम.सी.बी. सोळाहून अधिक प्रवाह झाल्याखेरीज हालत नाहीं. आणि माणसाच्या हृदयाची लय बिघडविण्यास एका ॲम्पिअरचा दहावा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, पुरे होतो. माणसासाठीं निराळें साधन आहे, त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. सहलीस निघतांना व परततांना मुलें मोजणाऱ्या मास्तरासारखें त्याचें काम. एका तारेनें गेलेला प्रवाह दुसरीनें तितकाच परत आला पाहिजे. तीस मिलिॲम्पिअरचा फरक पडला, कीं तेवढा प्रवाह वाट चुकून कोणाच्या तरी अंगांतून जमिनींत चालला आहे असें समजून तें क्षणार्धांत पुरवठा तोडतें. त्याच्यावर चाचणीचें लहानसें बटण असतें. करवत लावण्यापूर्वीं तें दाबून पाहावें. वीज गेली तरच रक्षक जागा आहे. ज्या घरांत हें साधन नाहीं, तेथें वायरमनकडून तें आधीं बसवून घ्यावें, करवत नंतर. मात्र या मास्तराचीही दृष्टि एके ठिकाणीं चुकते. एका हातानें एक तार व दुसऱ्या हातानें दुसरी धरली गेली, तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो, मोजणी जुळते, आणि साधन स्वस्थ बसतें. म्हणून साखळीखालीं सांपडून कापली गेलेली वायर उचलून ‘कोठें तुटली’ हें पाहणें हा प्राणावर बेतणारा उद्योग आहे.

यंत्राच्या अंगावर चौकोनांत चौकोन अशी खूण बहुधा असते. आंतील विद्युत् भागांस दुहेरी आवरण आहे असा तिचा अर्थ. तें आवरण यंत्राच्या आंतल्या दोषापासून वांचवितें. साखळीनें स्वतःचीच वायर कापली तर त्याचा उपयोग नाहीं. घराच्या अर्थिंगवरही या मुलखांत उन्हाळ्यांत फार विसंबूं नये. खड्ड्यांतील माती सुकली कीं जमिनीशीं असलेला संबंध क्षीण होतो. म्हणूनच जाणते लोक त्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी ओततात. उलट अंगणांत मात्र पाणी नसावें. नळास पाणी येऊन सडासंमार्जन झालेलें असेल, किंवा पावसाची सर नुकतीच पडून गेली असेल, तर करवत त्या दिवशीं पेटींतच राहूं द्यावी.

आतां तो दुसरा माणूस. त्यानें सॉकेटापाशीं उभें राहावें. एक हात पिनेजवळ, दृष्टि वायरीवर. कापणाऱ्याची दृष्टि लाकडावर असते, आणि तशी ती असलीच पाहिजे. पायामागें वायर कोठें सरकली हें त्यास दिसत नाहीं. वायर नेहमीं त्याच्या पाठीमागून यावी, पातीच्या बाजूस ती कधींही जाऊं नये. जेथें फांदी पडणार तेथें वायर नाहीं, याची खात्री प्रत्येक काप घेण्यापूर्वीं दुसऱ्या माणसानें करावी. यंत्राची आंखूड शेपटी व लांब वायर यांचा सांधा ओल्या गवतांत लोळूं देऊं नये. ओढ बसून तो निसटूं नये म्हणून यंत्राच्या मागील मुठीवर जो आंकडा असतो त्यांत वायरीचा फास अडकवावा. इशाऱ्याचा शब्द एकच ठरवावा : ‘बंद’. तो कोणींही उच्चारला, शेजारच्या पोरानें उच्चारला तरी, कारण न विचारतां पिन निघाली पाहिजे. हें काम कंटाळवाणें खरें, आणि म्हणूनच तें घरांतल्या एखाद्या मुलाकडे सोंपविण्यांत येतें. मुलगा दहा मिनिटांनीं मोबाइल पाहूं लागतो. येथें घरांतील सर्वांत सावध मनुष्य हवा. पुष्कळ घरांत ती गृहिणीच असेल.

या पहाऱ्याची खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. पेट्रोलची करवत बंद पडली म्हणजे पुन्हां दोरी ओढल्यावांचून ती जिवंत होत नाहीं. विजेची करवत गप्प झाली तर ती कां गप्प झाली हें तिच्याकडे पाहून कळत नाहीं. खटका सोडला म्हणून थांबली, सांधा निसटला म्हणून थांबली, कीं वीज गेली म्हणून थांबली? बोट खटक्यावर तसेंच राहिलें असेल तर वीज येतांक्षणीं साखळी धांवूं लागते. त्यांत बोटास शीण नको म्हणून खटका सुतळीनें बांधणारेही महाभाग आहेत. त्यांचें जमिनीवर ठेवलेलें यंत्र आपण होऊन उठतें. पात फांदींत अडकली आहे, वीज नाहीं, सर्वत्र शांतता आहे, आणि कापणारा साखळीस हात घालून ती सोडवीत आहे : इतक्यांत गल्लींत दिवे आले. हा प्रसंग टाळण्यास कापणाऱ्याचें शहाणपण पुरत नाहीं, कारण त्याचें सारें लक्ष अडकलेल्या पातीकडे असतें. सॉकेटापाशींच्या माणसानें यंत्र थांबतांच पिन काढून हातांत धरलेली असेल, तर दिवे आले तरी कांहीं होत नाहीं. साखळी घट्ट करणें, तेल घालणें, अडकलेली पात सोडविणें, यंत्र घेऊन झाडाच्या दुसऱ्या बाजूस जाणें, या प्रत्येक वेळीं पिन त्याच्या हातांत असावी.

साखळी सेकंदास बारा-तेरा मीटर वेगानें धांवते. विपरीत कांहीं दिसल्यापासून माणसाचा हात हालेपर्यंत सुमारें पाव सेकंद जातो; तेवढ्या अवधींत तीन मीटर साखळी निघून गेलेली असते. ज्या अपघातास उसळी म्हणतां येईल तो याहूनही लवकर संपतो. पातीच्या वरच्या कांठावरून साखळी पुढें जाते, टोंकास वळसा घेऊन खालून परत येते. टोंकाचा वरचा चतुर्थांश भाग एखाद्या आडव्या फांदीस, भिंतीस किंवा खिळ्यास लागला, तर दांते तेथें अडकतात आणि सारी पात वर व मागें, कापणाऱ्याच्या तोंडाकडे, भिरकावली जाते. यावर उपाय आधींच करून ठेवावयाचा असतो. टोंकानें कधीं कापूं नये. उजवा हात मागील मुठीवर, डावा पुढील मुठीवर. डावखोऱ्यानेंही हाच क्रम पाळावा. अंगठा मुठीभोंवतीं पुरा वळलेला असावा. डोकें व मान पातीच्या सरळ रेषेंत नसावीं, किंचित् डावीकडे असावीं. पुढील मुठीसमोर जी ढाल असते ती मनगटानें पुढें ढकलली गेली कीं साखळीचा ब्रेक लागतो. भाड्याच्या यंत्रास ती ढाल आहे ना, व ती ब्रेक लावते ना, हें दुकानांतच पाहून घ्यावें. एका हातानें करवत धरणें, खांद्याच्या वर उचलून कापणें आणि शिडीवर उभें राहून कापणें, या तीन गोष्टींस कोणत्याही घाईची सबब चालूं नये. याचा अर्थ जमिनीवर उभें राहून जी फांदी हातीं लागत नाहीं ती व्यावसायिक माणसासाठीं सोडावी, असाच होतो.

धारेविषयीं एक गमतीची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांताच्या जोसेफ कॉक्स नांवाच्या लाकूडतोड्यानें १९४६ सालीं एका खुंटांत भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरतांना पाहिली. ती आपले जबडे डावीकडे-उजवीकडे चालवून लाकडाच्या रेषांची पर्वा न करितां मार्ग काढीत होती. त्या जबड्यांवरून त्यानें आळीपाळीनें डावी-उजवीकडे वळलेले दांते बनविले, आणि आजच्या साखळ्या त्याच घराण्याच्या आहेत. असे दांते धारदार असतील तर लाकडाच्या चपट्या ढलप्या पडतात. धार गेली कीं पिठासारखा भुसा पडूं लागतो. पीठ दिसूं लागलें कीं काम थांबवावें. बोथट साखळीवर माणूस नकळत जोर देतो, आणि जोर दिलेलें यंत्र लाकूड संपतांच मांडीकडे येतें.

फांदी कापण्याचीही रीत आहे. वजनानें खालीं लोंबणारी फांदी वरून सरळ कापूं गेल्यास ती अर्ध्यावर मोडते, खोडाची साल ओढीत नेते व झाडास मोठी जखम करते. म्हणून आधीं खोडापासून हातभर अंतरावर खालून एक-तृतीयांश काप घ्यावा, मग त्याच्या किंचित् पुढें वरून कापावें. राहिलेला खुंट नंतर वेगळा काढावा. खालून कापतांना पातीचा वरचा कांठ चालतो व यंत्र अंगावर ढकललें जातें, हें ध्यानांत ठेवून पाय रोवावे. ओढ्यांच्या कांठीं माजलेल्या वेड्या बाभळीशीं विशेष जपून वागावें. तिच्या फांद्या एकमेकींत अडकून धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. ताणाच्या बाजूनें एकदम कापल्यास फांदी तोंडावर सुटते. दाबलेल्या बाजूस थोडा काप देऊन मग ताणाच्या बाजूनें हळूहळू कापावें. धोतर, लुंगी, ओढणी आणि गळ्यांतला टॉवेल हे साखळीचे आवडते घांस आहेत; अंगाशीं बसणारे कपडे, डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे व पायांत पक्के जोडे हवेत.

इतकें करूनही जखम झाली, तर आधीं पिन निघावी. मग स्वच्छ जाड कापड जखमेवर घट्ट दाबून धरावें, तें भिजलें तर न काढतां त्यावर दुसरें ठेवून दाबावें, आणि १०८ वर दूरध्वनि करावा. हळद किंवा तंबाखू जखमेंत भरूं नये. विजेचा झटका बसलेल्यास पुरवठा तुटेपर्यंत कोणींही स्पर्श करूं नये. तो बरा दिसला तरी त्यास डॉक्टरांकडे न्यावें; हृदयावरील परिणाम कांहीं वेळानेंही दिसूं शकतो.

काम आटोपल्यावर पुष्कळांची पहिली धांव पडलेल्या फांद्यांकडे असते आणि करवत, पिन जागच्या जागीं ठेवून, ओंडक्यावर तशीच पडून राहते. घरांतील मुलें तिच्याभोंवतीं जमतात ती याच वेळीं. दुसऱ्या माणसानें पिन काढून कापणाऱ्याच्या हातीं द्यावी, पातीवर म्यान चढवावें, साखळी निवाल्यावर तिच्यांतील भुसा ब्रशानें झाडावा, वायर सैल वेढ्यांनीं गुंडाळतांना ती कोठें सोललीं-चिरली तर नाहीं हें पाहावें आणि यंत्र पेटींत बंद करावें. फांद्या ओढण्यास त्यानंतर लागावें. लिंबाचा पाला एक तास उशिरानें उचलला तरी चालतो.